सगळ्या उभ्या राहतात

३ तारीख, सोमवार

ही वही हिने दिली. देताना म्हणाली, "जे काही म्हणायचं असेल ते यात लिहा. मला सांगू नका." दिव्यांच्या कारखान्यात तीस वर्षं सुपरवायझर होतो, शिफ्टचा अहवाल रोज लिहायचो, त्यामुळे लिहायचा कंटाळा नाही. वाचणारं कोणी नाही एवढंच. तेव्हाही कोणी वाचत असेल असं वाटत नाही.

आम्ही दोघं काल लेकीकडे राहायला आलो. लेक आणि जावई डुकरं पाळतात. पूर्वी चारचौघांत सांगताना मी 'पशुपालन' म्हणायचो, आता थेट सांगतो. धंदा मोठा आहे. गाभण माद्यांची शेड वेगळी, वाढत्या पिल्लांची वेगळी, आणि एक छोटी शेड, जिथे माद्या वितात. तिला इथे सगळे बाळंतघर म्हणतात. घोडं तिथेच अडलंय. शंभर पिल्लं जन्मली तर त्यातली आठ-नऊ मेलेलीच बाहेर येतात. जावई म्हणतो, "सगळीकडे थोडीफार जातातच, पण आमची जरा जास्त जातायत." मी मनात म्हटलं, आमच्या कारखान्यात शंभरात दोनच्या वर दिवे बाद झाले की साहेब मला केबिनमध्ये बोलवायचे. इथे आठ-नऊ जीव बाद होतायत आणि हे लोक शांतपणे जेवतायत.

मी म्हटलं, "मला महिनाभर बाळंतघर द्या."

जावयाने ताटात पाहिलं. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही आराम करायला आलात ना?" तेव्हा ही पटकन म्हणाली, "दे गं त्यांना. काहीतरी करू दे." माझ्या गुणांची हिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच जाण आली.

५ तारीख, बुधवार

आज बाळंतघराची पाहणी केली. शिस्त नावालाही नाही. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, प्रत्येक कठड्यात एक मादी आडवी पसरलेली, शेजारी पिल्लांच्या उबेसाठी लाल दिवा. उजेड बेताचा. आवाज नाही. मधोमध पालथ्या बादलीवर एक माणूस बसलेला. त्याला सगळे 'आरामात' म्हणतात, कारण कुठलंही काम सांगितलं की तो "करू की आरामात" म्हणतो.

मी विचारलं, "काय चाललंय?"

"कोपऱ्यातली व्यायला लागलीय."

"मग तू काय करतोयस?"

"बघतोय."

"नुसता?"

"आता व्यायचं तिने आहे, काका. मी काय करणार?"

अशा माणसाच्या भरवशावर बाळंतघर सोडलंय. मग पिल्लं मरतील नाहीतर काय होईल?

एक गोष्ट मात्र सुखावून गेली. मी दार उघडलं, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजला, आणि सगळ्या माद्या एकदम उठून उभ्या राहिल्या. कोपऱ्यातलीसुद्धा, वेणा चालू असताना! कारखान्यात अगदी असंच व्हायचं. जुडगा वाजला की स्टुलावर टेकलेले उठायचे, गप्पा थांबायच्या, हात चालायला लागायचे. कारखाना पाडून तिथे आता गाड्या लावायची जागा झालीय. कपाटं नाहीत, कुलपं नाहीत, पण किल्ल्या माझ्याकडेच राहिल्या. कोणी मागितल्या नाहीत, मी दिल्या नाहीत.

जनावराला अधिकारी माणूस लगेच ओळखू येतो. आरामात मात्र बादलीवरून उठला नाही.

८ तारीख, शनिवार

नवीन व्यवस्था सुरू केली. मोठे पांढरे दिवे लावून घेतले, कारण अंधारात चुका होतात. दर पंधरा मिनिटांनी मी स्वतः फेरी मारतो. आरामातला सांगितलंय की मी नसताना त्याने मारायची. तो म्हणाला, "मारू की."

आज थोरलीची ओळख झाली. ही लेकीची पहिली मादी. धंदा सुरू केला तेव्हा लेकीने ती पिल्लू असताना आणली, बाटलीने दूध पाजून वाढवली. आता तिची बरीच वेतं झालीत. पोट लोंबतं, एक कान फाटलेला, चालताना बाजारातून जड पिशवी घेऊन आलेल्या बाईसारखी दम खात चालते. मागच्या वेताला तिची पाच पिल्लं मेलेली निघाली. जावयाचं म्हणणं, वय झालं की असं होतंच, म्हातारी मादी ठेवणं परवडत नाही. तिला या महिन्याच्या गाडीत घालायची होती. ती गाडी कुठे जाते हे विचारायची गरज नाही. लेकीने हट्ट करून एक वेत मागून घेतलंय. या खेपेला नीट व्याली तर राहील, नाहीतर जाईल. महिनाअखेर दिवस भरतील.

लेक तिच्या कपाळावर खाजवत उभी होती. डोळे भरलेले होते. डुकरासाठी रडतेय म्हणून मी हसणार होतो, पण हसलो नाही. म्हटलं, "तुला शब्द देतो, थोरलीची सगळी पिल्लं जिवंत बाहेर काढीन."

लेक म्हणाली, "बाबा, तसा शब्द देऊ नका हो."

दिला तो दिला.

१२ तारीख, बुधवार

चार माद्या व्याल्या. मेलेली पिल्लं पूर्वीपेक्षा जास्त. दुरुस्ती सुरू केली की आधीची लपवलेली घाण वर येते, हा माझा अनुभव आहे. घाबरण्याचं कारण नाही.

पण एक दोष सापडला. वेळ फार लागतो. एक पिल्लू बाहेर येतं, मग मादी उठते, बसते, माझ्याकडे बघते, पुन्हा उठते, आणि पुढचं पिल्लू यायला तास जातो. पूर्वी इतका वेळ लागत नव्हता असं आरामात म्हणतो. तो काय घड्याळ लावून बसला होता? मी त्याला सुनावलं, "नाचता येईना अंगण वाकडं." तो म्हणाला, "नाचतंय कोण, काका?"

औषधांच्या फ्रिजमध्ये वेणा वाढवणारं इंजेक्शन आहे. मग हे आजवर का वापरलं नाही? उद्यापासून पहिलं पिल्लू दिसलं की लगेच द्यायचं.

१५ तारीख, शनिवार

इंजेक्शनाने काम झटपट होतं. कालची मादी पटापट मोकळी झाली. त्यात पाच मेलेली होती, हे खरं. आरामातने इंजेक्शन द्यायला उशीर केला असणार.

ही रात्री जेवताना म्हणाली, "तुमचं ते म्हणजे पी हळद आणि हो गोरी." मी म्हटलं, "तुला यातलं काय कळतं?" ती म्हणाली, "एक लेक मी जन्माला घातलीय. तुम्ही बाहेर बाकावर होतात." मुद्द्याला सोडून बोलायची हिची सवय जुनी आहे.

१७ तारीख, सोमवार

जनावरांची डॉक्टरीण आली होती. वयाने लेकीपेक्षाही लहान, पण चष्म्यावरून बघते तेव्हा शाळा आठवते. मी आधीच तिला माझा निष्कर्ष सांगून टाकला. पिल्लं जिवंत जन्मतात, आरामातचं लक्ष नसतं, आई अंगावर बसते आणि ती चेंगरतात. मग हा गृहस्थ ती मेलेली जन्मली म्हणून सांगतो. साधी कामचुकारी.

तिने सकाळच्या मेलेल्या पिल्लांतलं एक घेतलं, कापलं, फुप्फुसाचा तुकडा काढून पाण्याच्या बादलीत टाकला. तो दगडासारखा तळाला गेला.

"एकदा जरी श्वास घेतला असता तर हा तरंगला असता," ती म्हणाली. "हे मेलेलंच जन्मलं. चेंगरलं नाही. पण बघा, अंगावर लव आहे, वाढ पूर्ण आहे. काल संध्याकाळपर्यंत हे पोटात धडधाकट होतं. शेवटच्या घटकेला गुदमरलं."

आरामात निर्दोष सुटला. मला वाईट वाटलं.

मग तिने फ्रिज उघडून इंजेक्शनाची बाटली उजेडात धरली. जवळजवळ रिकामी. "हे कोणी सांगितलं?"

"मी," मी म्हटलं. "वेळ वाचतो."

"काका, आतलं पिल्लू नाळेवर जगतं. जबरदस्तीने कळा वाढवल्या की नाळ दबते, कधी तुटते. वेळ वाचतो, पिल्लू नाही वाचत." बाटली तिने स्वतःच्या पिशवीत टाकली. औषधसाठ्याची जबाबदारी तिने परस्पर घेतली ते एका परीने बरंच झालं.

नंतर पिल्लं अशी का दगावतात याची तिने बरीच कारणं सांगितली. मादी म्हातारी असणं, फार लठ्ठ असणं, पोटात पिल्लं जास्त असणं, शेडमध्ये उकाडा, पोट साफ नसणं, व्यायला फार वेळ लागणं. मी एकेकावर तपासणी सुरू करायचं ठरवलं. उठताना तिने विचारलं, "तुम्ही आत किती वेळा जाता?"

"दर पंधरा मिनिटांनी," मी अभिमानाने म्हटलं.

"आणि मग त्या काय करतात?"

"सगळ्या उभ्या राहतात."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग कमरेच्या जुडग्याकडे. म्हणाली, "काका, त्यांना जरा कमी मान देऊ द्या तुम्हाला." बहुधा विनोद होता. तरुण पिढीचा विनोद मला कळत नाही.

जाताना ती आणि लेक फाटकापाशी बराच वेळ बोलत उभ्या होत्या. लेक मान खाली घालून ऐकत होती. पोरीला उगाच बोलणी खावी लागली असतील, त्या इंजेक्शनावरून. आरामातनेच ते द्यायला नको होतं.

१९ तारीख, बुधवार

माझी बढती झाली. सकाळी लेक आणि जावई दोघं मिळून आले. जावई म्हणाला, "बाबा, तुमचा अनुभव एका शेडमध्ये अडकून पडलाय. पूर्ण फार्मचे सल्लागार व्हा." फाटकाजवळची खोली मला कार्यालय म्हणून दिली. टेबल आहे, पंखा आहे, खिडकीतून रस्ता दिसतो. बाळंतघर तिथून फार लांब पडतं, चालत जायला वेळ लागतो, एवढाच तोटा. मी म्हटलं, हरकत नाही, मी चालेन.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. माझ्या उत्साहाचं त्यांना कौतुक वाटलं असावं.

संध्याकाळी थोरलीला एक घमेलं जास्तीचं खाद्य घातलं. दोन जिवांची नव्हे, बारा-तेरा जिवांची आहे ती. लेकीने बघितलं आणि घमेलं माझ्या हातातून काढून घेतलं. "बाबा, ती जाडी झाली तर व्यायला अडेल." तिचा आवाज जरा चढला होता. मग लगेच उतरला. "चहा घेता?"

२२ तारीख, शनिवार

पडलो. बाळंतघरात फेरी मारायला घाईने शिरलो, जाळीची फरशी ओली होती, पाय घसरला. घोटा सुजून भोपळा झालाय. आठवडाभर हलायचं नाही असा हुकूम. दुष्काळात तेरावा महिना! थोरलीचं वेत आठ-दहा दिवसांवर आलं आणि सुपरवायझर खाटेवर.

ही म्हणाली, "पडलात ते एक बरं झालं." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "म्हणजे विश्रांती मिळेल."

२६ तारीख, बुधवार

अद्भुत प्रगती! मी आडवा झाल्यापासून पाच माद्या व्याल्या आणि सगळ्यांची मिळून चारच पिल्लं मेली. जावई शीळ घालत फिरतोय. याचा अर्थ स्पष्ट आहे. माझी व्यवस्था रुजली. चांगली व्यवस्था ती, जी माणूस नसतानाही चालते.

मी खाटेवरून आरामातला बोलावून घेतलं. शाबासकी द्यायची होती. विचारलं, "या दिवसांत तू नेमकं काय काय केलंस?"

"काही नाही, काका."

"फेऱ्या मारल्यास?"

"नाही."

"दिवे?"

"मोठे दिवे बंद केले. डोळ्यांवर येतात."

"कोणाच्या, त्यांच्या?"

"माझ्या. झोप लागत नाही."

तो खरोखरच आळशी आहे. मला वाटलं होतं आत काहीतरी खोल असेल. काहीच नाही. लेकीला विचारलं तर तीही हसून म्हणाली, "आळशीच आहे हो तो." मग माझी व्यवस्था नसताना हे आकडे आले कुठून?

या गोष्टीचा छडा लावायचं ठरवलं. जावयाला म्हटलं, बाळंतघरात कॅमेरा बसव आणि तो माझ्या फोनवर जोड. म्हणजे आरामात ड्यूटीवर झोपतो याचा पुरावा हाती येईल. जावई लगेच "बसवतो" म्हणाला. लेक-जावई दोघांना एवढं सुटल्यासारखं का वाटलं कळलं नाही.

२८ तारीख, शुक्रवार

दिवसभर फोनवर बाळंतघर बघतोय. हिने दोनदा जेवायला हाक मारली तरी हललो नाही. हलता येत नाही हेही खरं.

आरामात झोपतो. बादलीवर बसून, भिंतीला टेकून. पुरावा मिळाला. पण एवढा वेळ बघितल्यावर मी त्याच्याकडे बघायचं विसरूनच गेलो. एक मादी व्यायला लागली होती. कुशीवर आडवी, डोळे अर्धे मिटलेले. शेपटी जराशी उडाली की पिल्लू सरकून बाहेर. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरं. ती मान वर करत नाही, काही नाही. पिल्लू ओलंचिंब, पाय फाकत फाकत, धडपडत स्वतःच सडापर्यंत जातं. तिला कोणाची गरजच नाही. एकदा आरामात जागा झाला, हळूच गेला, एका पिल्लाच्या तोंडावरची वारेची साय पुसली, आणि परत येऊन टेकला. ती तशीच पडून राहिली.

पंधरा पिल्लं झाली. एकही मेलं नाही. 

३० तारीख, रविवार

आज घोटा बरा वाटला म्हणून काठी घेऊन बाळंतघरात गेलो. फेरी मारली, थोरलीला बघितलं. तिला दुधाचे थेंब सुटायला लागलेत, म्हणजे आता एक-दोन दिवसांचा प्रश्न. पलीकडच्या कठड्यात एक तरुण मादी वीत होती, पहिलंच वेत तिचं. दोन पिल्लं झाली होती. मी तिला धीर दिला, "चल, चल," म्हटलं. वीस मिनिटं थांबलो, पण पुढचं पिल्लू काही येईना. मग परत आलो.

दुपारी कळलं, तिची पुढची चार मेलेली निघाली.

आता आरामातला सोडायचं नाही असं ठरवून फोनवर सकाळचं चित्रीकरण काढलं. मी गेल्यावर त्याने काय केलं ते बघायचं होतं. चुकून जरा आधीपासून सुरू झालं.

तरुण मादी कुशीवर आडवी. एक पिल्लू आलं. थोड्या वेळाने दुसरं. सगळं शांत. मग आवाज आला. खळ्ळ, खळ्ळ, खळ्ळ. दार अजून बंदच होतं. माणूस दिसायच्या आधी थोरलीने मान वर केली. मग सगळ्या उठल्या, धडपडत, कठड्यांवर आदळत. ती तरुण मादी वेणा देता देता उठली, तिचं एक पिल्लू पायाखाली येता येता वाचलं, आणि ती कान टवकारून दाराकडे बघत थरथरत उभी राहिली. दार उघडलं. एक काठी आत आली. तिच्यामागे एक म्हातारा, टक्कल वरून चकाकणारं, कमरेला जुडगा, चेहऱ्यावर समाधान.

मी ते तीनदा बघितलं. कारखान्यात माझा एक नियम होता. दिवे अचानक जास्त बाद व्हायला लागले तर कामगारांना शिव्या घालायच्या आधी बघायचं, शेडमध्ये नवीन काय आलंय. नवीन काच, नवीन तार, नवीन गॅस. जे नवीन, ते गुन्हेगार. हा नियम मी तीस वर्षं दुसऱ्यांना शिकवला. आणि महिनाभर या शेडमध्ये मी खाद्य तपासलं, पाणी तपासलं, उकाडा मोजला, आरामातला फासावर चढवायला निघालो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझा कळसा कमरेला होता, आणि सारखा वाजत होता.

त्या मान देत नव्हत्या. घाबरत होत्या. आता विचार येतो, कारखान्यात स्टुलावरून उठणारेही काय करत होते?

मला रडू आलं. हिने बघितलं आणि शेजारी येऊन बसली. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं."

लेकीला हाक मारली. ती दारातच उभी राहिली. मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस? पिल्लं मरत होती."

"कशी बोलू, बाबा?" ती म्हणाली. "रिटायर झाल्यापासून तुम्ही भिंतीकडे बघत बसायचात. जेवायचं लक्षात नाही, कपडे बदलायचं लक्षात नाही. आई फोनवर रडायची. इथे आलात आणि पहिल्या दिवसापासून सकाळी उठून दाढी करायला लागलात. आता मी पिल्लं मोजू की तुम्हाला सांभाळू?"

मी सरकून तिला खाटेवर बसायला जागा करून दिली. 

१ तारीख, सोमवार

थोरली आज व्याली.

सकाळी जावई सांगत आला, "थोरली आज विणार. अंथरलेला भुसा तोंडाने गोळा करतेय." मी दाढी केली. मग जुडगा काढून हिच्याकडे दिला. ही म्हणाली, "कुठे ठेवू?" मी म्हटलं, "जिथे वाजणार नाही तिथे." हिने तो एका टॉवेलात गुंडाळला आणि कपाटात तळाला ठेवला. कमर इतकी हलकी झाली की चालताना तोल जातोय असं वाटलं.

बाळंतघरात फक्त आरामात आणि लेक. मी बाहेर, दाराशेजारी, उन्हातल्या बाकावर. फोन सोबत नेला नाही. फोन असता तर मी आतच असतो. महिनाभर उंटावरून शेळ्या हाकल्या, आज उंटावरून उतरून बसलो होतो, आणि खरं सांगतो, तीस वर्षांत इतकं कठीण काम मी केलं नाही. दहा वेळा उठलो असेन. दहा वेळा बसलो. एकदा हात कडीपर्यंत गेला होता. आतून आवाज नव्हता, आणि आवाज नसणं चांगलं हे माझ्या डोक्याला कळत होतं, हातांना कळत नव्हतं. मनात सारखं एकच. लेकीला शब्द दिलाय. पिल्लं मेली तर माझ्यामुळे, जगली तर माझ्याशिवाय.

ही येऊन शेजारी बसली. म्हणाली, "तेव्हाही असेच बाकावर बसला होतात."

"कधी?"

"आपली लेक जन्मली तेव्हा. नर्सने तुम्हाला बाहेर काढलं होतं. तुम्ही सारखे आत डोकावत होतात."

हे मला आठवत नव्हतं. मला वाटायचं, मी त्या दिवशी शिफ्टवर होतो आणि बाळ झाल्यावर पोहोचलो. हिला म्हटलं तसं. ही म्हणाली, "शिफ्टवर जायला निघाला होतात. गेला नाहीत." म्हणजे एकदा तरी मी कारखाना चुकवला होता.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा दार हळूच उघडलं. लेक बाहेर आली. हात कोपरापर्यंत माखलेले, कपाळावर भुसा चिकटलेला.

"तेरा," ती म्हणाली.

मी बाकावरून उठलो. 

"एक गेलं, बाबा. बारा जिवंत आहेत."

एक गेलं. सगळी जिवंत काढीन म्हणालो होतो. लेक माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "शेवटचं होतं ते. तेवढं जातंच कधीकधी. तिच्या वयाला एक म्हणजे काहीच नाही."

जावई मागून आला होता. त्याने आत डोकावून मोजलं, पुन्हा मोजलं, कान खाजवला. मग गाडीवाल्याला फोन लावून म्हणाला, "नाही हो, या महिन्यात म्हातारी नाही. बाकीच्या घेऊन जा." एवढंच. लेकीने तोंड फिरवलं आणि बाहीने डोळे पुसले, भुसा सगळा डोळ्यांत गेला.

"येता का बघायला?" तिने मला विचारलं.

"नको," मी म्हटलं. "उठेल ती."

"या तर."

दारापाशी बूट बदलले. काठीचं टोक वाजेल म्हणून काठी हिच्याकडे दिली आणि लेकीच्या खांद्यावर हात ठेवून आत गेलो. मोठे दिवे बंद होते. आरामात बादलीवर होता, त्याने मला बघून थोडं सरकून जागा दिली. दुसरी बादली नव्हती, मग त्याच्याच बादलीच्या कडेवर टेकलो.

थोरली कुशीवर पसरली होती. बारा पिल्लं एका ओळीत सडांना चिकटलेली, एकमेकांना ढकलत, शेपट्या हलवत. तिने एक डोळा उघडला. फाटका कान जरा हलला. माझ्याकडे नीट बघितलं, मी कोण आहे ते तिला कळलंच असणार.

ती उठली नाही.